क्रूस : गुलामांसाठी राखीव मृत्यू

गुड फ्रायडे मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये येतो. म्हणजे नेमकी आपल्या वस्त्यांत जयंतीच्या वर्गण्या, मंडप आणि मिरवणुकीच्या परवानग्यांची धावपळ चालू असते तेव्हा. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्याग, प्रेम आणि क्षमा यांवर लेख छापून येतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर बाळगावी. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला दुसरेच प्रश्न पडतात. ही शिक्षा कोणत्या कायद्याखाली दिली जात होती? कोणाला देता येत होती आणि कोणाला देता येत नव्हती? ती अंमलात आणणारे हात कोणाचे होते? आणि त्याचा खर्च कोण देत होते? या प्रश्नांच्या मागे लागले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. क्रूस ही धर्माच्या इतिहासातली गोष्ट होण्यापूर्वी कित्येक पिढ्या ती कायद्याच्या इतिहासातली गोष्ट होती, आणि तो कायदा मुख्यतः गुलामांसाठी केलेला होता.

आधी शब्दाचा विचार करू. 'क्रूस' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. सांताक्रूझ स्टेशनवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्या नावाचा अर्थ 'पवित्र क्रूस' असा आहे? मराठी बायबलात 'वधस्तंभ' असा शब्द येतो आणि तो मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे, कारण ग्रीक भाषेतला 'स्तॉरोस' म्हणजे नुसता उभा खांब. आपल्याकडचा 'सूळ' मात्र वेगळा. सुळावर देणे म्हणजे टोकदार खांब शरीरात घुसवणे. क्रूसावर देणे म्हणजे माणसाला खांबाला बांधून किंवा खिळ्यांनी ठोकून मरेपर्यंत टांगून ठेवणे. जुन्या ग्रीक इतिहासकारांनी या दोन्हींसाठी बरेचदा एकच क्रियापद वापरले आहे. म्हणून इराणच्या सम्राट दारयवहूने (दरायसने) बॅबिलोन जिंकल्यावर तिथल्या ३००० प्रमुख माणसांना मारले असे हेरोडोटस लिहितो, तेव्हा ते सुळावर की क्रूसावर, हे आज खात्रीने सांगता येत नाही. सिकंदराने इ.स.पू. ३३२ मध्ये टायर हे बंदर घेतले आणि २००० माणसे समुद्रकिनाऱ्यावर ओळीने टांगली. उत्तर आफ्रिकेतले कार्थेज तर हरलेल्या स्वतःच्याच सेनापतींना क्रूसावर देत असे. शाळेच्या पुस्तकात सिकंदर हा 'जगज्जेता' असतो. टायरच्या किनाऱ्यावरचे ते खांब त्या धड्यात नसतात.

रोमने ही पद्धत उचलली आणि तिला कायद्याची चौकट दिली. लॅटिन लेखक तिला सरळ 'गुलामांची शिक्षा' म्हणतात. आरक्षणाच्या नावाने उठता-बसता बोटे मोडणाऱ्यांनी हे आरक्षणही पाहावे : दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये हा मृत्यू गुलामांसाठी, परक्या प्रांतातल्या बंडखोरांसाठी आणि दरोडेखोरांसाठी राखीव होता. रोमन नागरिकाला देहदंड झालाच तर त्याची मान तलवारीने उडवत. तो मृत्यू झटपट आणि अब्रूचा मानला जाई.

या राखीवपणाचा सर्वांत बोलका पुरावा एका वकिलानेच ठेवला आहे. इ.स.पू. ७० मध्ये सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरेस याच्यावर लूट आणि जुलमाचा खटला चालला. फिर्यादी बाजूने सिसेरो उभा होता. व्हेरेसने गावियस नावाच्या एका रोमन नागरिकाला मेसाना शहरात क्रूसावर दिले होते. तेही अशा जागी, की समुद्रापलीकडची इटलीची भूमी त्याला मरताना दिसावी. फटके पडत असताना गावियस एकच सांगत राहिला, मी रोमन नागरिक आहे. सिसेरोने या प्रसंगावर जे लिहिले ते आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना वक्तृत्वाचा नमुना म्हणून दाखवले जाते. (गंमत अशी की हा भाग न्यायालयात बोललाच गेला नाही. व्हेरेस निकालाआधीच परागंदा झाला आणि सिसेरोने भाषण लिहून प्रसिद्ध केले.) पण त्याची तक्रार नीट वाचावी. क्रूस ही अमानुष शिक्षा आहे, ती कोणालाच देऊ नये, असे तो म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे की जो क्रूस दोषी गुलामांसाठी उभारला होता तो व्हेरेसने निर्दोष नागरिकासाठी वापरला. एवढेच नव्हे, बंडाच्या कटात दोषी ठरलेल्या गुलामांना खांबाला बांधून झाल्यावर व्हेरेसने सोडून दिले, हाही सिसेरोच्या लेखी व्हेरेसचा गुन्हाच आहे! सात वर्षांनी, इ.स.पू. ६३ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात त्याने सांगितले की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. गुलामाच्या कानाचे काय, हा प्रश्न त्या न्यायालयात कोणी विचारला नाही.

गुलामाच्या कानावर तो शब्द लहानपणापासूनच पडत होता. प्लॉटस या नाटककाराच्या एका विनोदी नाटकातला गुलाम सांगतो की क्रूसच माझे थडगे होणार, कारण माझा बाप, आजा, पणजा तिथेच गेले. प्रेक्षक यावर हसत असत. यात एक कायद्याची मेख आहे. रोमन कायद्यात गुलामाला बाप नव्हता. त्याचे लग्न, त्याचे नाते कायदा मानत नव्हता. वंशपरंपरेने त्याला मिळालेली एकच वस्तू म्हणजे ती शिक्षा.

सिसेरो व्हेरेसवर तुटून पडत होता, त्याच्या तीनच वर्षे आधी, इ.स.पू. ७३ मध्ये, कापुआ शहरातल्या ग्लॅडिएटरांच्या आखाड्यातून सत्तरेक जण स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन पळाले होते. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. पाहता पाहता हजारो गुलाम त्यांना मिळाले आणि रोमच्या एकामागून एक फौजा त्यांनी पिटाळल्या. अखेर इ.स.पू. ७१ मध्ये क्रॅससने त्यांचा पराभव केला. स्पार्टाकस लढता लढता पडला, त्याचे प्रेत सापडले नाही. जिवंत हाती लागलेल्या ६००० जणांना क्रॅससने कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने क्रूसावर टांगले, असे अप्पियन हा इतिहासकार लिहितो. हे अंतर सुमारे १९५ किलोमीटर. भागाकार करून पाहावा. दर ३२-३३ मीटरला एक माणूस येतो. आपल्या रस्त्यावर विजेच्या दोन खांबांमध्ये जेवढे अंतर असते, साधारण तेवढ्यावर. तो रस्ता म्हणजे त्या काळचा सर्वांत वर्दळीचा राजरस्ता. व्यापारी, शेतकरी, सैनिक आणि बाजारात विकायला नेले जाणारे नवे गुलाम त्यावरून जात होते. ही शिक्षा मेलेल्यांना नव्हती, पाहणाऱ्यांना होती. याच अप्पियनने असेही लिहून ठेवले आहे की स्पार्टाकसने एका रोमन कैद्याला दोन्ही छावण्यांच्या मध्ये क्रूसावर दिले होते. हरलात तर तुमचे काय होईल ते आपल्या माणसांना दाखवण्यासाठी. शोषितांचा इतिहास लिहिताना ही ओळ गाळण्याचा मोह होतो. गाळू नये.

पद्धतीचे वर्णन थोडक्यात पुरे. आधी चाबकाने सोलून काढत. मग आडवा वासा खांद्यावर देऊन वधाच्या जागेपर्यंत चालवत. चित्रात दिसतो तसा अख्खा क्रूस बहुधा नव्हे, उभा खांब जागेवरच रोवलेला असे. दोराने बांधत किंवा खिळे ठोकत. मृत्यूला काही तास लागत, कधी काही दिवस. श्वास कोंडून मृत्यू येई की रक्तस्राव आणि धक्क्याने, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. लवकर संपवायचे असेल तर पाय मोडत. प्रेत सामान्यतः नातेवाइकांना मिळत नसे. ते पक्ष्यांसाठी आणि कुत्र्यांसाठी राही. माणसाला उघडे करून, सर्वांसमोर, सावकाश आणि निनावी मारणे, ही ती पद्धत.

आता त्या हातांकडे येऊ.

नेपल्सजवळ पुतेओली (आजचे पोझ्झुओली) नावाचे बंदर होते. तिथल्या नगरपालिकेचा दगडात कोरलेला एक ठराव सापडला आहे. काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. विषय : शहरातली प्रेते उचलण्याचे आणि शिक्षा अंमलात आणण्याचे कंत्राट. आपल्या नगरपालिकेच्या टेंडरच्या अटी वाचाव्यात तसा तो वाचता येतो. एखाद्या मालकाला आपल्या गुलामाला किंवा दासीला खासगीरीत्या शिक्षा करवून घ्यायची असेल तर कंत्राटदाराने ती करून द्यावी. क्रूसावर द्यायचे असेल तर खांब, साखळ्या, दोर आणि फटके मारणारी माणसे कंत्राटदाराने पुरवावीत. वासा वाहून नेणारे मजूर, फटके मारणारे आणि जल्लाद यांच्यासाठी मालकाने माणशी ४ सेस्टर्स मोजावेत. ४ सेस्टर्स म्हणजे १ दिनार, मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. सरकारी शिक्षा असेल तर क्रूस, खिळे, डांबर, मेण आणि मेणबत्त्या कंत्राटदाराने फुकट पुरवाव्यात. कोणता गुन्हा, कोणता पुरावा, कोणती सुनावणी, याबद्दल मालकाच्या बाबतीत एक अक्षरही नाही. मालकाने मागणी करायची आणि दर मोजायचा. आजवर क्रूसाबद्दल जे काही वाचले त्यात सर्वांत भयंकर मला हा दरफलक वाटला. खांबावरचे रक्त सुकते, पण त्याची नोंद खर्चाच्या वहीत इतक्या निर्विकारपणे होते तेव्हा समजावे की समाजाची सद्सद्विवेकबुद्धी संपली आहे.

याच ठरावातले पुढचे कलम आपल्या लोकांनी दोनदा वाचावे. या कामावरच्या मजुरांनी शहरातल्या ठरावीक बुरुजाच्या आत राहू नये. त्यांनी कधी आंघोळ करावी, याची वेळ नेमून दिलेली. प्रेत उचलणे किंवा शिक्षा अंमलात आणणे याखेरीज त्यांनी शहरात पाऊल टाकू नये. आणि जेव्हा जेव्हा शहरात येतील तेव्हा त्यांच्या डोक्यावर रंगीत टोपी असलीच पाहिजे. मारलेल्याचे प्रेत आकड्याने ओढून न्यायचे असेल तर अंगात लाल कपडे हवेत आणि घंटा वाजत राहिली पाहिजे.

ओळख पटते ना?

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढावा, श्लोक ५१ ते ५६. चांडाळांनी गावाबाहेर राहावे. मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत. रात्री गावात, नगरात फिरू नये. दिवसा कामासाठी यावे, पण राजाज्ञेने ठरवलेली खूण अंगावर बाळगून. ज्याचे कोणी नाही त्याचे प्रेत त्यांनी न्यावे. आणि राजाने देहदंड दिलेल्यांना त्यांनी मारावे. त्यांचे कपडे, अंथरूण, दागिने घ्यावेत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात निर्दोष चारुदत्ताला वधाकडे नेणारे दोघे चांडाळच आहेत. पुतेओलीची रंगीत टोपी आणि मनूची खूण, तिकडची घंटा आणि आपल्याकडची घुंगराची काठी, गळ्यातले मडके, हातातला काळा दोरा. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे कोणी समजू नये. तसा पुरावा नाही. पण ज्या समाजाला हत्या हवी असते आणि हात मात्र स्वच्छ ठेवायचे असतात, तो समाज कुठेही असला तरी सारखेच कायदे करतो. फाशी न्यायाधीश लिहितो, विटाळ मात्र दोर ओढणाऱ्याला लागतो.

बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची सविस्तर तुलना केली आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ती वाचायला मिळते. रोममध्ये गुलाम शिक्षक होते, वैद्य होते, हिशेबनीस होते. त्यांच्या स्पर्शाचा विटाळ नव्हता. मालकाची मालमत्ता म्हणून का होईना त्यांच्या जिवाला किंमत होती. आणि मुक्त झालेला गुलाम पुढे नागरिक होऊ शकत होता. अस्पृश्याला यातले काहीच नव्हते, म्हणून अस्पृश्यता ही गुलामगिरीहून वाईट, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष. तो अचूकच आहे. मात्र याचा आधार घेऊन कोणी रोमन गुलामगिरी सौम्य होती असे म्हणू लागला तर त्याला पुतेओलीचा शिलालेख दाखवावा. तो शिलालेख प्रसिद्ध झाला १९६० च्या दशकात, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यांच्या हाती तो लागला असता तर त्यांच्यातल्या बॅरिस्टरने त्याचे काय केले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. 'मालमत्ता' या शब्दाची दुसरी बाजू त्यात आहे. जी वस्तू जपता येते ती मोडताही येते. आणि त्यातली टोपी घातलेला मजूर पाहिला की कळते, गुलामांच्या त्या राज्यातही विटाळाचा एक कोपरा होताच. फरक एवढाच की तो धंद्याला चिकटलेला होता. आपल्याकडे तो जन्माला चिकटवला.

माझ्या व्यवसायाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट इ.स. ६१ मधली आहे. पेदानियस सेकुंदस हा रोम शहराचा प्रमुख अधिकारी. त्याच्याच एका गुलामाने त्याचा खून केला. कोणी म्हणे, ठरलेली किंमत घेऊनही मालकाने मुक्त केले नाही म्हणून. कोणी दुसरे कारण सांगे. कायदा असा होता की मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. त्या घरात ४०० गुलाम होते. बायका, पोरे, म्हातारे सगळे. बहुसंख्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता आणि हे सर्वांना माहीत होते. रोमची सामान्य जनता रस्त्यावर आली, दगड आणि मशाली घेऊन. सिनेटमध्येही कुजबुज झाली. तेव्हा उठला तो गायस कॅसियस लॉंजिनस. हा काही गुंड नव्हता. त्या काळचा अग्रगण्य कायदेपंडित, ज्याच्या नावाने कायद्याचा एक संप्रदायच ओळखला जाई. त्याने मुद्देसूद युक्तिवाद केला : आमच्या घरात निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या देवांचे लोक गुलाम म्हणून आहेत, ही गर्दी भीतीनेच ताब्यात राहते, जरब बसवायची तर काही निरपराध भरडले जाणारच, पण त्यात सार्वजनिक हित आहे. सिनेटने मान डोलावली. नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले आणि ४०० जणांना वधासाठी नेण्यात आले. टॅसिटसने हे सगळे लिहिले आहे. त्यांना कोणत्या रीतीने मारले ते त्याने सांगितलेले नाही. युक्तिवाद मात्र पूर्ण दिला आहे. एकाने केले म्हणून सगळ्या वस्तीवर बहिष्कार टाकणारे गाव आणि त्या गावाची बाजू गुळगुळीत भाषेत मांडणारे शिकलेले लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कॅसियस परका वाटणार नाही.

पुढे रोमन साम्राज्यात नागरिकत्व पसरत गेले आणि एक नवी भिंत उभी राहिली, 'प्रतिष्ठित' आणि 'हलके' अशी. पौलस या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या संग्रहात दंगल आणि बंड माजवणाऱ्यांसाठी एक कलम आहे. गुन्हा एक, शिक्षा तीन : क्रूस, हिंस्र जनावरांपुढे टाकणे किंवा एखाद्या बेटावर हद्दपारी. यातली कोणती, ते आरोपीच्या दर्जावरून ठरायचे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हेच आहे. इतर वर्णांना देहदंड सांगितलेल्या गुन्ह्यात ब्राह्मणाचे मुंडण केले की झाले. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये ज्या ग्रंथाची होळी झाली त्यातले हे कलम. आणि या दोन्हींच्या आधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या स्तंभलेखात अधिकाऱ्यांना सांगितले की न्यायदानात समता असावी आणि दंडात समता असावी. देहदंड अशोकानेही रद्द केला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; त्याने दोषी ठरलेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. पण दर्जा पाहून दंड देऊ नका हे दगडावर कोरणारा राजा या देशात होऊन गेला, आणि तो बौद्ध होता. राज्यघटनेच्या कलम १४ चे मूळ फक्त युरोपात शोधणाऱ्यांनी दिल्लीतल्या फिरोजशाह कोटल्याचा खांबही एकदा पाहून यावा.

आता जुदिया, म्हणजे येशूचा प्रांत. तिथे क्रूस रोजच्या पाहण्यातला होता. इ.स.पू. पहिल्या शतकात अलेक्झांडर यानियस या ज्यू राजानेच आपल्या ८०० विरोधकांना क्रूसावर दिले. इ.स.पू. ४ मध्ये रोमन सुभेदार वारसने बंड मोडून सुमारे २००० जणांना टांगले. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा भुकेने बाहेर पडणाऱ्यांना पकडून रोमन सैनिक दिवसाला ५०० जणांना खिळत होते. पुढे क्रूसांना जागा पुरेना आणि माणसांना क्रूस पुरेनात, असे जोसेफस हा ज्यू इतिहासकार सांगतो. या दोन तारखांच्या मधोमध पिलाताच्या कारकिर्दीत (इ.स. २६ ते ३६) गालीलमधल्या एका सुताराला तीच शिक्षा झाली. त्याच्या डोक्यावर लावलेला आरोप 'ज्यूंचा राजा' असा होता. हा धर्मद्रोहाचा आरोप नव्हे. रोमच्या परवानगीशिवाय राजा म्हणवणे म्हणजे राजद्रोह. त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आपण 'दोन चोर' म्हणतो. पण मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत त्यांच्यासाठी जो ग्रीक शब्द आहे तोच जोसेफस सशस्त्र बंडखोरांसाठी वापरतो. शिवाय साध्या भुरट्या चोराला कोणी क्रूसावर देत नसे. शिक्षा रोमन, सैनिक रोमन, हुकूम रोमन सुभेदाराचा. असे असताना येशूच्या मृत्यूचा दोष शेकडो वर्षे ज्यू समाजावर ठेवून त्यांच्या कत्तली करण्यात आल्या. व्हॅटिकनने तो सरसकट आरोप अधिकृतपणे मागे घेतला १९६५ मध्ये. राज्यसत्तेने केलेला खून एखाद्या समाजाच्या माथी मारण्याची ही कला जुनी आहे.

आम्ही बौद्ध आहोत. कोणाच्या रक्ताने दुसऱ्या कोणाची मुक्ती होते, हे आम्हाला पटत नाही. पण गुलामाच्या मरणाने मेलेल्या माणसाला देव मानणे, ही त्या काळी किती मोठी उलथापालथ होती हे समजून घ्यायला अडचण नसावी. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर १८५७ मध्ये भिंतीवर ओरखडलेले एक चित्र सापडले. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे, खाली हात वर केलेला दुसरा माणूस, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे अशा अर्थाचा मजकूर. टवाळी आहे ती. क्रूसावर गेलेला देव ही कल्पनाच त्या समाजाला हास्यास्पद वाटत होती. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक स्वतःही क्रूसावरच्या येशूचे चित्र काढायला फारसे धजावत नसत. ते सर्रास दिसू लागले ते शिक्षा बंद झाल्यानंतर, जेव्हा खरा क्रूस पाहिलेली पिढी संपली होती.

इतकी हजारो माणसे मेली, त्यांचे अवशेष कुठे आहेत? बोटांवर मोजण्याएवढे. १९६८ मध्ये जेरुसलेमच्या ईशान्येला एका दगडी अस्थिपेटीत एका माणसाच्या टाचेचे हाड मिळाले. आरपार ११.५ सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. पेटीवर नाव होते, येहोहानान. खिळ्याचे टोक लाकडातल्या गाठीवर आपटून वाकले होते, म्हणून तो काढता आला नाही, आणि म्हणूनच आपल्याला कळले. दुसरे ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या फेनस्टँटन गावचे. २०१७ मध्ये उत्खनन झाले, डिसेंबर २०२१ मध्ये माहिती जाहीर झाली. २५ ते ३५ वयाचा पुरुष, उजव्या टाचेत खिळा, नडगीच्या हाडांवर बहुधा बेड्यांच्या खुणा. याची कबर होती, पण नाव नाही. कॅसियसचे नाव, वंश, पदे, युक्तिवाद सगळे शाबूत आहे.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन सम्राटाने क्रूसाची शिक्षा बंद केली, असे जुने इतिहासकार सांगतात. चिन्ह म्हणून तोच क्रूस आता सैन्याच्या निशाणावर चढला होता. गुलामगिरी मात्र बंद झाली नाही. क्रूसाऐवजी 'फुर्का', म्हणजे बेचक्याचा फासखांब आला. इ.स. ५३३ मध्ये जस्टिनियनने जुन्या कायदेपंडितांचे उतारे एकत्र केले तेव्हा संपादकांनी 'क्रूस' हा शब्द काढून तिथे 'फुर्का' घातला, असे अभ्यासक दाखवून देतात. शब्द बदलला, माणूस तोच राहिला. अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक जेम्स कोन यांनी २०११ मध्ये 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' या ग्रंथात आपल्या देशातल्या गोऱ्या चर्चला हाच सवाल केला : रविवारी क्रूसापुढे गुडघे टेकणाऱ्यांना झाडाला लटकावलेल्या काळ्या माणसाच्या देहात क्रूस का दिसला नाही?

भारतातल्या फासाबद्दल बाबासाहेबांचे मत नोंदलेले आहे. ३ जून १९४९ ला घटना समितीत देहदंडाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे का, यावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांनी सांगितले की अपिलापेक्षा देहदंडाची शिक्षाच रद्द करण्याला मी अधिक पाठिंबा देईन. ज्या देशाने अहिंसेचे तत्त्व मानले आहे त्याने ही शिक्षा पूर्णपणे काढून टाकणेच योग्य. सभागृहाने ते मानले नाही. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी वैध ठरवली, दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणापुरती. एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात होते. १९८२ मध्ये दिलेल्या त्यांच्या निकालपत्रात ही शिक्षा मुख्यतः गरिबांवरच पडते, हा एक आधार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल काढला. त्यातले ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्य मिळून ७६ टक्के होते. अनुसूचित जाती-जमातींचे २४.५ टक्के. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, नावे बदलली. फाशी तीतही आहे.